मिझु म्हणजे पाणी, पण कुठलं पाणी?

 

आजचा विषय जरा वेगळा आहे. जपानी भाषा शिकणाऱ्या मुलींसाठी मोबाईलवर साधा शब्दकोश, म्हणजे डिक्शनरी करायची झाली, तर ती कशी असावी याबद्दल मी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, बचतगटाच्या कार्यक्रमात जपानी कुठून आलं? ते आलं आपल्या कर्जाच्या रजिस्टरमधून. आधी गटाकडं अर्ज यायचे ते शेळ्यांसाठी, शिलाई मशीनसाठी, दवाखान्यासाठी. आता मधूनच एखादा अर्ज येतो, ‘मुलीच्या जपानी क्लासची फी’. मंजूर करताना आपण हप्ता किती, जामीन कोण, हे विचारतो. पण मुलगी घरी अभ्यास कशावर करते, हे कुणी विचारत नाही. फी गटाच्या पैशातून जाणार असेल तर तेही विचारायला हवं. म्हणून आज ते बोलू.

या मुली जपानी का शिकतात, ते आधी थोडक्यात सांगते. जपानमध्ये दर १० माणसांमागे जवळपास ३ माणसं पासष्टीच्या पुढची आहेत. त्यांना आंघोळ घालायला, भरवायला, उठवून बसवायला माणसं कमी पडतात. या कामाला तिकडं ‘काइगो’ म्हणतात, म्हणजे म्हाताऱ्या आणि आजारी माणसांची शुश्रूषा. एप्रिल २०१९ पासून जपाननं परदेशी कामगारांसाठी एक नवी वाट उघडली. तिचं नाव ‘तोकुतेइ गिनोऽ’, म्हणजे ठरावीक कामाचं कौशल्य. भारत आणि जपान यांच्यात त्याबद्दलचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. या वाटेनं काइगोच्या कामाला जायचं, तर कामाची परीक्षा द्यावी लागते, जपानी भाषेची द्यावी लागते, आणि काइगोमध्ये लागणाऱ्या जपानीची आणखी एक वेगळी परीक्षा असते. आपल्याकडं पुणे हे जपानी शिकण्याचं जुनं केंद्र आहे. आता ऑनलाइन क्लासमुळं खेड्यातली मुलगीही घरी बसून शिकू शकते.

क्लास तास-दीड तासाचा. उरलेला दिवस मुलगी आणि तिचा मोबाईल. शब्द अडला की ती मोबाईलवरचा कोश उघडते. आज मिळणारे बहुतेक कोश इंग्रजी येणाऱ्या माणसासाठी केलेले आहेत. मग आपली मुलगी आधी जपानी शब्दाचा इंग्रजी अर्थ बघते, मग त्या इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ शोधते. एका शब्दासाठी दोन कोश, दुप्पट वेळ, आणि मधल्या मधे अर्थ सांडतो तो वेगळाच.

तर साधा कोश कसा असावा? मला विचाराल तर सुरुवात एका प्रश्नानं करावी. मुलगी शब्दाकडं कुठून येते? ती तीन वाटांनी येते. पहिली वाट कानाची. कुणीतरी काहीतरी बोललं आणि तो शब्द तिला शोधायचाय. दुसरी वाट डोळ्याची. पुस्तकात, पाटीवर, औषधाच्या बाटलीवर काहीतरी लिहिलेलं दिसलं. तिसरी वाट मनाची. मनात मराठी शब्द आहे आणि त्याला जपानीत काय म्हणतात ते हवंय. या तिन्ही वाटांवर ज्या कोशाला दार आहे, तो साधा कोश. शब्द कमी असले तरी चालतील, दार बंद असून चालणार नाही.

पहिली वाट, कानाची. त्याआधी जपानी लिपीबद्दल दोन गोष्टी समजून घेऊ. जपानी लिहायला तीन प्रकारची अक्षरं वापरतात. हिरागाना आणि काताकाना ही आपल्या बाराखडीसारखी उच्चाराची अक्षरं, दोन्हींत मूळ ४६. काताकाना मुख्यतः बाहेरून आलेल्या शब्दांना वापरतात. टीव्हीला ‘तेरेबि’, कॉटला ‘बेद्दो’, शौचालयाला ‘तोइरे’, असे शब्द त्यात लिहितात. तिसरी कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली चिन्हं. तिथल्या सरकारनं रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या यादीत २,१३६ कांजी आहेत.

यातल्या हिरागानाची एक गोष्ट तुम्हाला आवडेल. हजार वर्षांपूर्वी जपानमध्ये दरबारी पुरुष कामकाजासाठी चिनी भाषा आणि चिनी चिन्हं वापरायचे. हिरागानाला ‘ओन्नादे’ म्हणायचे, म्हणजे बाईचं अक्षर. त्याच अक्षरांत मुरासाकी शिकिबु नावाच्या दरबारातल्या बाईनं अकराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘गेंजी मोनोगातारी’ हा मोठा ग्रंथ लिहिला. आजही जपानी मुलं शाळेत आधी हिरागानाच शिकतात. म्हणून आपल्या कोशातही प्रत्येक शब्द आधी हिरागानात दिसायला हवा, कांजी त्याच्यानंतर.

दुसरी गोष्ट आपल्या फायद्याची आहे. हिरागानाचा क्रम ऐका. अ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतो ना? बौद्ध धर्माबरोबर संस्कृतचा आणि सिद्धम् नावाच्या भारतीय लिपीचा अभ्यास जपानात पोचला, त्या अभ्यासाची छाप या क्रमावर आहे. इंग्रजी ए-बी-सी-डीतून जपानी शिकणाऱ्याला हा क्रम नव्यानं पाठ करावा लागतो. आपल्या मुलीला तो अर्धा आधीच येतो.

म्हणून कानाच्या वाटेवरचं दार देवनागरीचं असावं. मुलीनं जसं ऐकलं तसं देवनागरीत टाइप करावं आणि शब्द समोर यावा. देवनागरी या कामाला चांगली आहे. जपानीत ‘किते’ म्हणजे ये, आणि ‘कित्ते’ म्हणजे पोस्टाचं तिकीट. हे आपण जोडाक्षरानं सहज वेगळं लिहितो. वर्तमानपत्राला ‘शिंबुन’ म्हणतात, त्यातला अनुस्वार आपण विचार न करता बरोबर उच्चारतो. त्सुनामीमधला ‘त्सु’ म्हणायला इंग्रजी माणसाची जीभ अडखळते. आपला मराठी ‘चूल’मधला च तोच आहे. चिंचेतला च नव्हे, चुलीतला. तसाच जाऊबाईतला ज. जपानी ‘झोऽ’, म्हणजे हत्ती, हा त्या ज-नं म्हणून बघा.

पण कोश करणाऱ्यानं इथं एक काळजी घ्यायची. एकच आवाज दोन मुली दोन प्रकारे लिहितील. एक ‘त्सु’ लिहील, दुसरी ‘चु’. एक ‘झ’, दुसरी ‘ज’. कोशानं दोघींनाही शब्द दाखवायला हवा. आणखी एक गंमत आहे. जपानीत ‘जेवते’ला ‘ताबेमासु’ लिहितात आणि बोलताना ‘ताबेमास’ म्हणतात. ‘जेवले’ला ‘ताबेमाशिता’ लिहितात आणि कानाला ‘ताबेमाश्ता’ ऐकू येतं. जे ऐकू येतं ते टाइप केल्यावर ‘शब्द सापडला नाही’ असं दिसलं, तर मुलीला वाटतं आपलंच ऐकण्यात चुकलं. चूक तिची नसते, कोशाची असते.

मात्र एका ठिकाणी कोशानं ढिलाई करायची नाही. ती म्हणजे लांब आणि आखूड स्वर. ‘ओबासान’ म्हणजे काकू किंवा मावशी. ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. ‘बा’ जरासा लांबला की बाईचं वय वीस-तीस वर्षांनी वाढलं! दुसरं उदाहरण यापेक्षा महत्त्वाचं. ‘ब्योऽइन’ म्हणजे दवाखाना. ‘बियोऽइन’ म्हणजे ब्यूटी पार्लर. घाईत पत्ता विचारताना हा फरक कळायलाच हवा. अशा वेळी कोशानं दोन्ही शब्द शेजारी-शेजारी दाखवावेत, ‘तुम्हाला यातला कुठला हवा?’ असं विचारावं, आणि दोन्हींचा आवाज ऐकवावा. लांब स्वराची खूण म्हणून मी अवग्रह वापरते, आपल्याला पोथीतून ओळखीची असलेली ती ‘ऽ’ अशी खूण.

कानाच्या वाटेवर आणखी एक अडथळा आहे. तो शब्दाच्या रूपांचा. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसानं ‘गेली’ हा शब्द ऐकला आणि कोशात ‘ग’खाली शोधला, तर त्याला काही मिळणार नाही, कारण कोशात ‘जाणे’ असतं. जपानीतही तसंच. कोशात ‘नोमु’ असतं, म्हणजे पिणे. पण बोलताना ऐकू येतं ‘नोमिमास’, ‘नोंदे’, ‘नोंदा’, ‘नोमानाइ’, ‘नोमिताइ’. मुलीनं यातलं काहीही टाइप केलं, तरी कोशानं तिला ‘नोमु’पर्यंत न्यायला हवं. आणि नुसतं नेऊन भागत नाही, वाटेत काय बदललं तेही सांगायला हवं.

हे का, ते ऐका. ‘इताइ’ म्हणजे दुखतंय. ‘इताकुनाइ’ म्हणजे दुखत नाही. आजी बिछान्यावरून उठताना ‘इताकुनाइ’ म्हणाली. मुलीनं कोशात टाइप केलं. कोशानं मूळ शब्द शोधला आणि ‘इताइ, दुखणे’ एवढंच दाखवलं. मुलगी समजली, आजीला दुखतंय. अर्थ अगदी उलटा झाला. त्याच्या उलट परिस्थिती आली तर आणखी वाईट, दुखणाऱ्या माणसाला आपण ओढून उठवू. म्हणून कोशात मोठ्या अक्षरांत दिसायला हवं, ‘हे नकाराचं रूप आहे. अर्थ : दुखत नाही.’ तसंच भूतकाळाचं, तसंच इच्छेचं. ‘नोमिताइ’ म्हणजे प्यायचंय, ‘नोमिताकुनाइ’ म्हणजे प्यायचं नाही. शुश्रूषेच्या कामात माणसाची हो आणि नाही कळणं हे पहिलं.

दुसरी वाट डोळ्याची. दारावर दोन कांजी चिन्हं आहेत. उच्चार माहीत नाही, मग टाइप काय करणार? इथं बोटानं काढायची सोय लागते. मोबाईलच्या काचेवर चिन्ह जसं दिसतं तसं बोटानं काढायचं आणि कोशानं जुळणारी चिन्हं दाखवायची. कांजी काढताना रेघांचा क्रम ठरलेला असतो, आधी कुठली रेघ, मग कुठली. क्लासमध्ये तो शिकवतात, आणि तो जमला की मोबाईललाही ओळखणं सोपं जातं. चिन्ह सापडलं की त्याच्यावर बारीक हिरागाना हवी. जपानी मुलांच्या पुस्तकात अशी असतेच, तिला ‘फुरिगाना’ म्हणतात. शिवाय शब्द फोडून दाखवला तर लक्षात राहतो. ‘कुरुमाइसु’ म्हणजे चाकाची खुर्ची, व्हीलचेअर. ‘कुरुमा’ गाडी, ‘इसु’ खुर्ची. एकदा असं कळलं की ‘इसु’ पुन्हा शोधावा लागत नाही.

आता तिसरी वाट, मनातल्या मराठीची. मैत्रिणींनो, इथं आपलं काम सुरू होतं. अक्षरं ओळखणं, रूपं सोडवणं हे संगणकवाले करतील. अर्थ लिहिणं मात्र आपल्याला त्यांच्यापेक्षा चांगलं जमेल. कसं ते सांगते.

जपानीत पाण्याला ‘मिझु’ म्हणतात. हे कुठल्याही कोशात मिळेल. पण मिझु म्हणजे गार पाणी. गरम पाण्याला त्यांच्याकडं वेगळाच शब्द आहे, ‘ओयु’. आपल्याला दोन्ही पाणीच. ज्या मुलीच्या कोशात ‘पाणी : मिझु’ एवढंच आहे, ती आजोबांच्या आंघोळीला मिझु मागेल. म्हणून आपल्या कोशात ‘पाणी’ शोधल्यावर दोन ओळी याव्यात : गार पाणी मिझु, गरम पाणी ओयु.

आता उलटं बघा. इंग्रजीत ‘राइस’ हा एकच शब्द. जपानीत तीन. शेतात उभी असते ती ‘इने’, दाणे म्हणजे ‘कोमे’, शिजवलेलं ‘गोहान’. इंग्रजी कोशात तिन्हींपुढं राइस लिहिलेलं सापडेल आणि शिकणाऱ्याचा गोंधळ होईल. आपल्याकडं? शेतात साळ, पोत्यात तांदूळ, ताटात भात. तीनला तीन शब्द तयार आहेत, इंग्रजीच्या वाटेला जायची गरजच नाही. नात्यांचंही तसंच. इंग्रजी ‘सिस्टर’ म्हटलं की थोरली की धाकटी ते कळत नाही. जपानीत ‘आने’ म्हणजे आपली थोरली बहीण आणि ‘इमोऽतो’ धाकटी. आपण ताई आणि धाकटी म्हणतोच ना?

‘घालणे’ या आपल्या शब्दाचं जपानीत किमान तीन ठिकाणी वेगळं होतं. अंगात कपडा घालणं ‘किरु’. पायात चप्पल, मोजे किंवा पायजमा घालणं ‘हाकु’. डोक्यावर टोपी घालणं ‘काबुरु’. म्हाताऱ्या माणसाला कपडे घालून देताना हे रोज लागणार. ज्या बाईला साडी ‘नेसतात’ आणि पोलकं ‘घालतात’ हा फरक माहीत आहे, तिला हे एकदा सांगितलं की पटतं.

आणि दुखण्याचे शब्द! जपानी माणूस दुखणं सांगताना दुहेरी शब्द वापरतो. ‘झुकिझुकि’ म्हणजे दाढ ठसठसते तसं, ठणकणारं. ‘चिकुचिकु’ म्हणजे टोचतं, गव्हाचं कुसळ कपड्यात अडकल्यावर टोचतं तसं. ‘हिरिहिरि’ म्हणजे मिरच्या कुटल्यावर हाताची होते तशी आग, चुरचुर. ‘गानगान’ म्हणजे डोक्यात घण घातल्यासारखं. छातीची धडधड म्हणजे ‘दोकिदोकि’. इंग्रजीत हे सांगायला पुरी ओळ लिहावी लागते. मराठीत आपल्याकडं ठसठस, चुरचुर, धडधड, कळ, चमक, सगळं आहे. नर्सला सांगताना ‘आजींना दुखतंय’ आणि ‘आजींना ठणका लागलाय’ यात फार फरक आहे. हे अर्थ कोण लिहील? ज्यांनी सासूबाईंचे पाय चेपलेत, बाळंतिणीला शेक दिलाय, त्या बायाच लिहितील.

काही शब्दांना नुसता अर्थ पुरत नाही, वाक्य लागतं. ‘कुसुरि’ म्हणजे औषध. जपानीत गोळीसुद्धा ‘पितात’, ‘कुसुरि ओ नोमु’ असंच म्हणतात. आणि ‘केक्कोऽ देस’चा शब्दशः अर्थ छान आहे असा. पण तुम्ही ‘आणखी चहा देऊ का?’ विचारलं आणि आजी ‘केक्कोऽ देस’ म्हणाल्या, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘नको, पुरे’. आपणही पाहुणे गेलो की ‘असू दे, असू दे’ म्हणतोच. तसंच हाक मारण्याचं. तुमच्याकडच्या आजींना ‘ओबाऽसान’ म्हणणं त्यांना आवडेलच असं नाही. काइगोच्या कामात आडनावापुढं ‘सान’ लावून हाक मारायला शिकवतात. अशी एका ओळीची टीप कोशात हवी.

आता एवढे शब्द आणायचे कुठून? इथं एक चांगली बातमी आहे. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठातले जिम ब्रीन यांनी १९९१ साली जपानी-इंग्रजी शब्दांची एक फाईल जमवायला सुरुवात केली. पुढं अनेकांनी त्यात भर घातली. आज ‘जेएमडिक्ट’ नावाच्या त्या साठ्यात दोन लाखांहून जास्त नोंदी आहेत. तो फुकट वापरता येतो. अट एवढीच, की साठा कुणाचा ते नमूद करायचं आणि त्यात भर घालून पुढं दिला तर तोही तसाच मोकळा ठेवायचा. जपानी शब्दांचे अनेक ॲप याच साठ्यावर उभे आहेत. त्यात जर्मन, फ्रेंच, डच, रशियन अशा भाषांतले अर्थही जोडलेले आहेत. मराठी नाहीत. म्हणजे डबा तयार आहे, त्यात आपला घास अजून पडायचाय.

पण दोन लाख शब्द मुलीच्या अंगावर एकदम ओतायचे नाहीत. रोजच्या वापरातले शब्द आधी दिसावेत, दुर्मिळ शब्द खाली. जपानीत एका उच्चाराचे शब्द पुष्कळ. ‘हाशि’ म्हणजे पूल, जेवायच्या काड्या आणि काठसुद्धा. ‘कामि’ म्हणजे कागद, केस आणि देव. जेवणाच्या टेबलावर लागणारा अर्थ वर हवा, आणि शेजारी छोटं चित्र असेल तर सोन्याहून पिवळं.

कोश इंटरनेटशिवाय चालला पाहिजे, हे मी ठासून सांगेन. आपल्याकडं रेंज यायला गच्चीवर जावं लागतं. शब्द आणि अर्थ ही नुसती अक्षरं, ती मोबाईलमध्ये फार जागा घेत नाहीत. जागा खातात ते आवाज आणि चित्रं, म्हणून ती निवडक शब्दांनाच द्यावीत. आणि काय नको तेही सांगते. जाहिराती नकोत. उघडल्या उघडल्या नाव-नंबर मागणं नको. शब्दकोशाला तुमच्या फोनमधले नंबर आणि तुमचं ठिकाण कशाला लागतं? मागत असेल तर नाही म्हणा. पडद्यावर एक मोठा चौकोन हवा, त्यात शब्द टाकायचा, खाली अर्थ. शोधलेले शब्द आपोआप एका यादीत जमावेत, म्हणजे रात्री झोपताना तेच पुन्हा वाचता येतात.

आता गटानं काय करायचं? ॲप करणारा भेटेल तेव्हा भेटेल, वही आज करता येते. दोनशे पानी वही घ्या आणि सहा रकाने आखा. हिरागाना, देवनागरी उच्चार, कांजी, मराठी अर्थ, एक छोटं वाक्य, आणि सहावा रकाना तपासणाऱ्याच्या सहीचा. आपण रोकडवहीवर सही घेतो ना, तशीच. अर्थ बायांनी सांगायचा, पण जपानी बरोबर आहे की नाही ते शिक्षिकेकडून तपासून घ्यायचं. न तपासलेला शब्द पेन्सिलीनं लिहायचा, तपासला की पेनानं. चुकीचा अर्थ छापून गेला तर तो नसलेल्या अर्थापेक्षा जास्त नुकसान करतो.

विषय ठरवून घ्या. पहिल्या महिन्यात जेवणाचे शब्द, दुसऱ्यात आंघोळ आणि कपडे, तिसऱ्यात दुखणं आणि औषध. महिन्याला पन्नास धरले तरी वर्षात सहाशे होतात. मग हीच वही कुणा शिकलेल्या मुलीनं मोबाईलमधल्या तक्त्यात, म्हणजे एक्सेलसारख्या फाईलमध्ये भरायची. तक्त्यात ‘शोधा’ची सोय असते. म्हणजे ॲप नसतानाच अर्धा कोश हातात आला. पुढं कुणी कॉलेजचा मुलगा-मुलगी ॲप करायला पुढं आली, तर तिला कोरा कागद नाही, तपासलेले सहाशे शब्द देता येतील.

तयार झालं की चाचणी घ्या. शिकणाऱ्या मुलीच्या हातात मोबाईल द्या, तिला दहा शब्द तोंडी सांगा आणि गप्प बसा. ‘अगं, तिथं दाब’ असं म्हणायचं नाही. ती कुठं थांबली, काय टाइप केलं, काय सापडलं नाही, ते लिहून ठेवा. जिथं तीन मुली अडल्या, तिथं कोश सुधारायचा. दुरुस्ती कुठं करायची ते या कागदावरून कळतं, यंत्र चालवणाऱ्याच्या अंदाजावरून नाही.

शेवटी, ज्यांना उद्याच एखादं ॲप विकत घ्यायला कुणी सांगितलंय, त्यांच्यासाठी. पैसे देण्याआधी पाच गोष्टी करून बघा. इंटरनेट बंद करून उघडतं का? ‘इताकुनाइ’ टाकल्यावर ‘दुखत नाही’ हा अर्थ मिळतो का? ‘ब्योऽइन’ आणि ‘बियोऽइन’ वेगळे दाखवतं का? बोटानं कांजी काढता येते का? आणि शब्दांचा साठा कुणाचा आहे ते लिहिलंय का? फुकट साठ्यावर उभं असेल तर कशाचे पैसे घेतात ते विचारा. कुणी ‘परीक्षेची अधिकृत शब्दयादी’ म्हणून विकत असेल तर सावध राहा. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेच्या सध्या पाच पायऱ्या आहेत, एन ५ सगळ्यांत सोपी. पण २०१० साली परीक्षेचं स्वरूप बदलल्यापासून अधिकृत शब्दयादी प्रसिद्ध होत नाही. बाजारात मिळतात त्या अंदाजानं केलेल्या याद्या. अभ्यासाला त्या उपयोगी आहेत, पण त्यांना अधिकृत म्हणून जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत कर्जवाटप झालं की दहा मिनिटं काढा. गटात कुणाची लेक जपानी शिकत असेल तर तिला बोलवा. तिच्याकडून दुखण्याचे पाच जपानी शब्द ऐका आणि त्यांना आपल्या बोलीत काय म्हणतात ते तिला सांगा. तुमच्याकडं ‘ठणका’ म्हणतात की ‘सणक’, ‘चुरचुर’ म्हणतात की ‘आग’, सगळं लिहून घ्या. वहीचं पहिलं पान तिथंच भरेल.